पदराच्या गाठीतल्या गोळ्या

जालन्याच्या स्टँडवर उतरून कुणी माझ्या दवाखान्याचा पत्ता विचारला, की रिक्षावाले उलट विचारायचे, "कोणते डाक्टर? ते वरडणारे?" आणि बराबर दारात आणून सोडायचे. एक्क्याऐंशी साली मी दवाखान्याची पाटी लावली, पण त्या पाटीपेक्षा माझा आवाजच लांबून ओळखू यायचा. बायको म्हणायची, "तुमचा स्टेथोस्कोप हरवला तरी दवाखाना चालेल, घसा बसला तर मात्र बंद करावा लागेल."

खोटं कशाला बोलू, मला त्या ओरडण्याचा थोडा अभिमानच होता. "लई खवळतेत, पर निदान बिलकुल बराबर," असं माझ्याबद्दल बोललेलं कानावर आलं की मी मनातल्या मनात फुलून जायचो. आणि खवळायला कारणंही भरपूर मिळायची. केदारखेड्याचे एक गृहस्थ स्वतःच्या खोकल्यासाठी भावाच्या छातीचा एक्स-रे घेऊन आले होते. म्हणे, "खोकला दोघांचा सेम हाये साहेब, मंग फोटो दुसरा कशाला काढायचा?" एका बाईंनी आपल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या जावेबरोबर निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या होत्या, कारण जावेलाही चक्कर यायची. आता अशा वेळी माणसानं काय हरिपाठ म्हणावा?

पण माझा खरा राग होता तो गोळ्यांची खिचडी करणाऱ्यांवर. दोन दिवस गावातल्या डॉक्टरच्या, एक दिवस दुकानातल्या, मधेच पाहुण्यानं दिलेल्या, आणि कशानंच गुण आला नाही की मग माझ्याकडे. असा कुणी सापडला, की बाहेरच्या बाकावरची माणसं आपसांत खुणा करायची, "लागले साहेब वरडायला."

मी फिजिशियन, म्हणजे चाकू न लावणारा डॉक्टर. सर्जनला निदान कापून दाखवता तरी येतं. आमचं काम पोट दाबून बघणं, छाती ऐकणं आणि मुख्य म्हणजे विचारणं. औरंगाबादला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते सर सांगायचे, "आधी खुर्चीत नीट बसा, मग तोंड उघडा." मी खुर्चीत बसायच्या आधीच तोंड उघडायचो, हा माझ्या आयुष्याचा सारांश आहे.

आता ज्या औषधाची ही गोष्ट आहे ते तुमच्याही घरात असणार, बहुतेक फ्रिजवरच्या डब्यात. पॅरासिटॅमॉल. तापावर, डोकेदुखीवर, अंगदुखीवर. सगळ्या वेदनाशामकांत ही गरीब गाय. पण तिचा निचरा करताना यकृतात थोडंसं विष तयार होतं. यकृत ते लगेच मारूनही टाकतं. मात्र ते मारायला जो माल लागतो तो येतो आपल्या जेवणातून. गोळ्या फार झाल्या, किंवा पोटात अन्नच नसलं, की माल संपतो आणि विष यकृतालाच खाऊ लागतं. वाईट हे, की पहिले एक-दोन दिवस रोग्याला थोड्या मळमळीपलीकडे काही जाणवत नाही. डोळे पिवळे होतात तोवर आत बरंच जळून गेलेलं असतं. त्यात या एकाच औषधाची बाजारात कितीतरी नावं. एका कंपनीची गोळी पांढरी, दुसरीची गुलाबी, तिसरीची दुसऱ्या कुठल्या औषधात मिसळून पिवळी केलेली. खाणाऱ्याला वाटतं, औषधं निरनिराळी आहेत.

नव्वद सालानंतरचं एक नवरात्र होतं. पिंपळगाव रेणुकाईजवळच्या वस्तीवरची कौसल्या, घरची तिला कौसा म्हणत, दाढ धरून माझ्याकडे आली. पस्तिशीची असेल. मी तिला ओळखत होतो. आदल्या वर्षी तिची मुलगी टायफॉईडनं बारा दिवस माझ्या दवाखान्यात पडून होती. मुलगी बरी झाली. उपचार माझे, पण नवस देवीला बोललेला. कौसानं लवंगेवरचं नवरात्र धरलं होतं, म्हणजे नऊ दिवस नुसतं पाणी आणि संध्याकाळी आरतीनंतर दोन लवंगा. उपवास मोडला तर पोरीचं दुखणं उलटेल, अशी तिची पक्की खात्री होती.

आपल्याकडे नवरात्रात दिवस माळेवर मोजतात. घटावर रोज एक माळ चढते. कौसा आली ती चौथ्या माळेला. बाहेर ही गर्दी. तिच्या आधी मंठ्याकडचा एक म्हातारा होता. त्यानं खिशातून तीन तऱ्हांच्या गोळ्या काढून माझ्या टेबलावर मांडल्या आणि विचारलं, "ह्या बी खाऊन राह्यलो साहेब. चालतेत ना?"

झालं! "तीन डॉक्टर करून झाले, आता चौथा मी कशाला?" असं म्हणत मी त्या गोळ्या उचलल्या आणि खिडकीतून बाहेरच्या बदामाखाली भिरकावून दिल्या. उघड्या दारातून बाकावरची सगळी माणसं बघत होती. हसली. म्हाताराही कसंनुसं हसला. हा किस्सा पुढे मी मित्रांमध्ये कितीतरी वेळा रंगवून सांगितला, त्या गोळ्या खाली पडल्या तेव्हा कोंबड्या कशा धावल्या वगैरे नक्कल करून.

मग कौसा आत आली, बरोबर तिची सासू, सारजामावशी. वय सत्तरीच्या आसपास, गळ्यात तुळशीची माळ, काठीसारखी ताठ. कौसाचा गाल सुजला होता, अंगात ताप होता. "अगं, दाढेत पू झालाय आणि तू उपाशी?" म्हणून मी तिच्यावरही ओरडलो. "नवस हाये साहेब," एवढंच ती म्हणाली. उपाशीपोटी दुसरी वेदनाशामकं जठर जाळतात, म्हणून मी मुद्दाम विचार करून गरीब गाय निवडली. पुवावर एक अँटिबायोटिक, ठणक्यावर पॅरासिटॅमॉल. पुड्या बांधून दिल्या. दोन मिनिटांत मोकळी. आधी काय घेतलंस, हे मी विचारलंच असणार. मी नेहमी विचारतो.

सातव्या माळेला सकाळी तिचा नवरा विश्वनाथ तिला जीपमधून घेऊन आला. डोळे हळदीसारखे पिवळे. उलट्या थांबत नव्हत्या. गळ्यात मुळ्यांच्या तुकड्यांची माळ होती, कावीळ उतरवणाऱ्याकडची. आदला अख्खा दिवस त्यात गेला होता. मी ओरडायला श्वास घेतला, पण तिच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला तशी ती कळवळली, आणि माझा श्वास तसाच राहिला.

आमच्या सिंधू सिस्टर तिला दवाखान्याचे कपडे घालायला गेल्या आणि पाच मिनिटांत हातात ट्रे घेऊन आल्या. कौसाच्या पदराला गाठ होती. गाठीत गोळ्या. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, आणि माझ्या दवाखान्याचा शिक्का असलेली पुडी. सिस्टरनी पाकिटांवरची बारीक अक्षरं एकेक करून वाचली. चारही पॅरासिटॅमॉल.

सारजामावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं, "ही पांढरी तापाची, दुकानातून आणली. गुलाबी दाढेची, गावातल्या डाक्टरनं दिली. पिवळी ठणक्याची, तिच्या दिरानं आणून दिली. अन् ही तुमची. गोळीला उपास लागत न्हाई म्हून म्याच टायमा-टायमानं देऊन राह्यले व्हते. एक बी चुकवली न्हाई, साहेब."

एक बी चुकवली न्हाई! सुनेची इतकी काळजी घेणारी सासू मी पाहिली नव्हती. मी खुर्चीत बसलो. ओरडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

सरांना औरंगाबादला फोन लावला. रक्ताचे आकडे सांगितले. यकृत निकामी होत चाललं होतं, रक्त गोठायला फार वेळ लागत होता. यकृत बदलणं ही आम्हाला तेव्हा फक्त वर्तमानपत्रात वाचायला मिळणारी गोष्ट. सर म्हणाले, "तिला रस्त्यात हलवू नकोस. मी इथे जे करणार तेच तू तिथे कर. औषध पाठवतो." औषध म्हणजे छातीतला घट्ट कफ पातळ करायला वापरतात त्या काचेच्या कुप्या. तेच या विषावरचा उतारा. ते यकृताला तो संपलेला माल पुरवतं. लवकर दिलं तर उत्तम, उशिरा दिलं तरी काहींना वाचवतं. सरांनी खोकं एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं आणि आमचा कंपाउंडर स्टँडवर जाऊन उभा राहिला. तेव्हा निम्म्या मराठवाड्याची औषधं अशीच कंडक्टरच्या सीटखालून फिरायची. दुपारी एकच्या सुमारास खोकं माझ्या टेबलावर होतं.

आता अडचण ऐका. त्या औषधाला सडक्या अंड्याचा वास येतो. अगदी तस्साच. आणि ते प्यायला द्यायचं, दर चार तासांनी, तीन दिवस. आम्ही ते थंडगार लिंबाच्या सरबतात मिसळून कौसापुढे धरलं. तिनं पेला नाकाजवळ नेला आणि तोंड फिरवलं.

"ह्याच्यात अंडं हाये."

"अगं, अंडं नाही. औषध आहे. औषधाला उपवास लागत नाही, तुझ्या सासूनंच सांगितलंय ना?"

"औषध चालतंय. हे अंड्याचं हाये. माह्या पोरीचा नवस हाये साहेब, म्या न्हाई पिणार."

मी समजावलं. मग ओरडलो. मग चक्क हात जोडले. शेवटी म्हटलं, "हे बघ, मी पितो," आणि एक मोठा घोट घेतला. देवा रे! चेहरा सरळ ठेवून मी तो घोट कसा गिळला ते माझं मला माहीत. कौसा माझ्याकडे शांतपणे बघत होती. म्हणाली, "तुमचं काय साहेब, डाक्टर लोक अंडी खातेतच."

मी खरंच रोज सकाळी आम्लेट खायचो.

तेव्हा सारजामावशी पुढे झाल्या. "आना हिकडं," म्हणत त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला. नाकाला पदर लावला नाही, काही नाही. गळ्यातली तुळशीची माळ दुसऱ्या हातात धरली आणि एक घोट प्यायल्या. मग कौसाच्या उशाशी बसल्या.

"माह्या गळ्यात काय हाये, दिसतंय ना तुला? जनमभर अंड्याला हात लावला न्हाई म्या. मी पिले. आता तू पी. पाप लागलं तं मला लागंल. अन् तुहे राह्यलेले तीन उपास माह्याकडं, नवस मोडत न्हाई. पोरीला आईच न्हाई राह्यली तं तो नवस काय चाटायचा? पी जल्दी."

कौसा प्यायली. सिस्टर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

पुढचे तीन दिवस तेच चक्र. दर चार तासांनी सारजामावशी आधी एक थेंब जिभेला लावायच्या, मग कौसा प्यायची. उलटी झाली की पुन्हा पहिल्यापासून. सारजामावशींनी सुनेचा उपवास खरंच आपल्या अंगावर घेतला. या वयात नुसत्या लवंगेवर राहू नका म्हणून मी ओरडलो, तर म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा, म्या माह्यं करते."

यकृत बंद पडायला लागलं की मेंदूवर झाकोळ येतो. माणूस बरळतं, हात थरथरतात, मग झोपतं ते उठत नाही. म्हणून अशा रोग्याला आम्ही सारखं काहीतरी विचारत राहतो, वार कोणता, गाव कोणतं. कौसाला मी विचारायचो, "आज कितवी माळ?" आठव्या माळेला सकाळी तिनं चटकन सांगितलं, "आठवी." दुपारी जरा थांबून, "आठवीच की." संध्याकाळी विचारलं तर बराच वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पाचवी." हात पुढे करायला लावले तर पंजे फडफडत होते. हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त गोठायचं नावच घेईना.

नाकातून नळी घालून औषध चालू ठेवलं. विश्वनाथ औरंगाबादहून बर्फात ठेवून प्लाझ्मा घेऊन आला, म्हणजे रक्त गोठवणारा त्यातला पिवळा भाग. नवव्या माळेला दुपारी मी विचारलं तेव्हा कौसानं काहीच उत्तर दिलं नाही. नुसतं "पोरगी, पोरगी" असं पुटपुटत राहिली.

त्या दुपारी मला राहवेना. मी सारजामावशींना आणि विश्वनाथला व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं, "त्या चार गोळ्यांतली एक माझी आहे. तिच्या पोटात आधीच तीन होत्या आणि मी चौथी दिली. तुम्हाला हे माहीत असायला पाहिजे." आवाज माझाच होता, पण इतका लहान की मलाच ओळखू येईना.

सारजामावशींनी माझ्याकडे थोडा वेळ निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमाला कसं म्हाईत असणार? तिनं सांगितलंच न्हाई." आणि आत सुनेजवळ जाऊन बसल्या.

त्या एका वाक्यानं मला केवढा आधार दिला, काय सांगू!

दसऱ्याला सकाळी मी खोलीत शिरलो. रक्ताचा रिपोर्ट थोडा सुधारलेला होता, पण माझा विश्वास बसत नव्हता. कौसा डोळे मिटून पडली होती. मी वाकून विचारलं, "कौसाबाई, आज कितवी माळ?"

तिनं डोळे उघडले. अजून पिवळेच होते. माझ्याकडे बघून कपाळाला आठी घातली.

"माळा सरल्या की साहेब. आज शिलंगण."

मी बाहेर आलो, बदामाखाली गेलो आणि लहान पोरासारखा रडलो. सिस्टरनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. त्या संध्याकाळी सारजामावशींनी आमच्या घरच्या देवापुढे उपवास सोडला. कौसाला घरी जायला पुढे पंधरा-सोळा दिवस लागले, पण ती आपल्या पायांनी चालत गेली.

त्यानंतर मी टेबलावर एक पांढरा एनॅमलचा ट्रे ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच, "पदर सोडा, पिशवी उलटी करा, खिसे रिकामे करा. जे खाताय ते सगळं इथे." त्या ट्रेवर काय काय पडलं! गोळ्या, मुळ्या, भस्माच्या पुड्या, एकदा तर घोड्याच्या पोटदुखीची पूड. आमच्या डॉक्टरांच्या बैठकांमध्ये मी कौसाची केस आवर्जून सांगायचो. नाव न घेता, अर्थात. शेवटी समारोपाचं वाक्य ठरलेलं, "मित्रहो, रोगी लपवतो." सगळे माना डोलवायचे. चहा यायचा.

दोन हजार सालानंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि मी दवाखाना बंद करायचं ठरवलं. शेवटच्या आठवड्यात कौसा आली. मोसंब्यांची पिशवी घेऊन, शेजारी लेक, लेकीच्या कडेवर बाळ. कौसाचे केस पांढरे झाले होते, पण डोळे कसे लख्ख. सारजामावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या, असं तिनं सांगितलं.

मग जाता जाता, उगाच, गप्पांच्या ओघात मी म्हटलं, "कौसाबाई, सगळं झालं गेलं. पण एक सांग, त्या चौथ्या माळेला मला आधीच्या गोळ्यांचं का सांगितलं नाहीस गं?"

ती हसली. "सांगायलाच तं आल्ते साहेब. भायेर बाकावर बसल्या-बसल्या गाठ सोडली, गोळ्या हातात काढून ठेवल्या. आत्याबाई म्हणल्या, साहेबाला समद्या दाव. तेवढ्यात तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या गोळ्या खिडकीतून फेकल्या. लोकं हसले. मंग म्या परत गाठ मारली."

इतकी वर्षं मी ज्याची नक्कल करून दाखवत होतो तो म्हातारा माझ्यापुढे उभा राहिला, पुढे मी ट्रेवर मागू लागलो तशा सगळ्या गोळ्या न मागताच टेबलावर मांडणारा, कसंनुसं हसणारा.

"म्हणजे मावशींना ठाऊक होतं? व्हरांड्यात मला म्हणाल्या, की तू सांगितलंच नाहीस..."

"ठाऊक व्हतं की. बाजूलाच तं बसल्या व्हत्या. म्या शुद्दीवर आले तवा मला म्हणल्या, त्यांना बोलू नको. रडकुंडीला आलेत, हात थरथरले तं तुला सुई कोन टोचंल?"

मी विचारलं, "मग आज कशाला सांगितलंस?"

कौसानं बाळाचं टोपडं सारखं केलं, पिशवी माझ्याकडे सरकवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आज तुम्ही इचारलं म्हून. त्या दिशी कुठं इचारलं व्हतं?"